वादळ येण्याआधी आणि गेल्यानंतर

(आपल्या सिनेगॉगच्या वर्धापनदिनानिमित्त ॲन आर्बर, मिशिगन येथे जमलेल्या समाजबांधवांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सिनेगॉगचा वर्धापनदिन म्हटला की आपल्याला जुने मुकादम आठवतात, हज्जानांचा आवाज आठवतो, सिमहात तोराची गर्दी आठवते. स्मरणिकेत त्या आठवणी इतर मंडळी लिहितीलच. आम्हाला मात्र आपल्या कामातला एखादा उपयोगी विषय मांडावा असे सुचवण्यात आले. नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन वॉर्डात उभ्या राहिलेल्या आमच्या पिढीच्या मुलींनी जन्मभर आजारी माणसांची सेवा केली. निवृत्त झाल्यावरही शेजारपाजारचे लोक ताप आला की आधी आमच्याकडेच फोन करतात. तेव्हा आज जे बोलणार आहोत ते परिचारिकेच्या नजरेतून बोलणार आहोत. विषय आहे वादळ, पूर, बर्फ आणि ऊन. आणि त्यात सापडलेली आपली म्हातारी माणसे.

हा विषय आपल्याला परका नाही. आपला समाजच एका वादळातून वाचलेला आहे. नौगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या जिवंत राहिल्या, बाकीच्यांची प्रेते समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकली आणि ती तेथेच पुरण्यात आली, ही परंपरा आपण लहानपणापासून ऐकत आलो. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापल्या गेलेल्या इतिहासात ती नोंदली आहे. नौगावला आता स्मारकस्तंभही आहे. या कथेतल्या एका गोष्टीकडे आपले फारसे लक्ष जात नाही. त्या चौदा ओल्या, उपाशी, भाषा न समजणाऱ्या माणसांना कोणीतरी घरात घेतले असेल, शेकायला विस्तव दिला असेल, पेज पाजली असेल. ते कोण होते हे कोणी लिहून ठेवले नाही. पण त्यांनी दार उघडले नसते तर पुढे शनिवार तेलीही झाले नसते आणि आज आपणही येथे बसलो नसतो.

कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या रायगडातल्या, आपल्या गावांना पावसाळ्याची तयारी कोणी शिकवावी लागत नसे. मिरग लागण्यापूर्वी घरोघरी आगोटीची बेगमी होई. कौले चाळली जात. पडवीला झापांचा आडोसा बांधला जाई. लाकूडफाटा माळ्यावर चढे. तांदूळ, मीठ, कांदे, कोकमे आणि सुकी मासळी भरून ठेवली जाई, कारण एकदा तरी बंद झाली की बाजारही बंद. याशिवाय आणखी एक बेगमी असे, जी डोळ्यांना दिसत नसे. कोणाच्या घरी बाळंतपण आहे, कोणाची आजी अंथरुणाला खिळली आहे, कोण बाई घरात एकटी आहे, हे साऱ्या आळीला ठाऊक असे. पाऊस धरला की न सांगता कोणीतरी त्या घरी डोकावून येई. आज आम्हाला मुख्यत्वे या दुसऱ्या बेगमीविषयीच बोलायचे आहे. तांदूळ आणि बॅटऱ्या दुकानात मिळतात. ही मिळत नाही.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाचा वारा होता, झोत त्याहूनही जोराचे. दिवेआगर म्हणजे आपल्या दिवेकरांचे मूळ गाव, केहीमकरांचे किहीम त्याच किनाऱ्यावर, चेऊलकरांचे चौल आणि रेवदंडा मध्ये. नकाशावर वादळाची वाट पाहिली तर आपल्या आडनावांची यादी वाचल्यासारखे वाटत होते. हवामान खात्याने आधी सूचना दिली होती, आपत्ती दलाच्या तुकड्या आल्या होत्या, किनाऱ्यावरच्या लोकांना हलवले होते. त्यामुळे एवढ्या मोठ्या वादळाच्या मानाने मनुष्यहानी थोडी झाली. हे सूचनेचे आणि तयारीचे यश आहे, ते मान्य केलेच पाहिजे.

पण वारा थांबला तेव्हा खरे हाल सुरू झाले. विजेचे खांब आडवे झालेले, मोबाइलचे मनोरे बंद, रस्त्यांवर झाडे पडलेली. कित्येक गावांत कित्येक आठवडे वीज आली नाही. त्यातच कोरोनाची साथ. येथे ॲन आर्बरला, तिकडे अश्दोद आणि दिमोनाला, आपली माणसे फोन लावत बसली होती आणि पलीकडे घंटीसुद्धा वाजत नव्हती. मग कोणीतरी रेंज मिळेल अशा गावापर्यंत मोटारसायकलने जाई आणि तेथून एकदम दहा घरांची खुशाली कळवी. आमच्या ओळखीच्या घरांची बातमी आली ती अशीच, चौथ्या-पाचव्या दिवशी, शेजारच्या आगरी कुटुंबातल्या मुलाकडून. गावात उरलेल्या आपल्या दोन-चार म्हाताऱ्या माणसांच्या घरी पहिल्याच संध्याकाळी तो जाऊन आला होता. त्याला कोणी पाठवले नव्हते. त्याच्या घराचे छप्परही उडालेले होते.

आता येथल्या गावाकडे वळू. आपल्यापैकी बहुतेकांनी २२ फेब्रुवारी २०२३ ची रात्र अनुभवली आहे. त्या दिवशी अदार महिन्याची पहिली तारीख होती, पुरीम दोन आठवड्यांवर आलेला. वर उबदार हवेचा थर आणि खाली गोठलेली हवा असली की पाऊस पाण्याच्या रूपात पडतो आणि फांदीला, तारेला लागताच त्याची काच होते. अर्धा इंच, काही ठिकाणी त्याहून जास्त जाडीचा बर्फ झाडांवर चढला. ॲन आर्बरला लोक कौतुकाने ‘ट्री टाउन’ म्हणतात. त्या रात्री तीच झाडे फटाके फुटावेत तशी मोडत होती आणि विजेच्या तारांवर कोसळत होती. मिशिगन राज्यात सात लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. काहींची एका दिवसात आली, काहींची आठवड्याने. बाहेरचे तापमान गोठणबिंदूच्या खाली. येथली घरे तापवण्यासाठी गॅस असला तरी भट्टीचा पंखा विजेवर चालतो, हे अनेकांना त्या रात्री प्रथमच कळले.

आमच्या परिचयाचे एक काका, वय ऐंशीच्या पुढे, पत्नी निवर्तलेल्या, अपार्टमेंटमध्ये एकटे राहत. मुलगा दुसऱ्या राज्यात. घरचा फोन इंटरनेटवर चालणारा, त्यामुळे वीज जाताच तो मुका झाला. हातातल्या फोनची बॅटरी पहिल्याच रात्री संपली. मुलाला वाटले, बाबा कोणा आपल्या माणसाकडे गेले असतील. इतरांना वाटले, मुलाने नेले असेल. शुक्रवारी दुपारी आपल्यातले एक दांपत्य शब्बाथचे जेवण देण्यासाठी सहज तेथे गेले. काका कोट घालून अंधारात खुर्चीवर बसलेले होते. “काका शांत बसले आहेत, थंडीने कापतसुद्धा नाहीत, फक्त आज कोणता वार ते त्यांना सांगता येत नाही,” असे त्यांनी आम्हाला फोनवर सांगितले. हे ऐकताच आम्ही त्यांना ताबडतोब ९११ ला फोन करायला सांगितले. काका वाचले, काही दिवसांनी घरी आले, आणि पुरीमचे गोड खाण्याइतके बरेही झाले. पण ते जेवण शुक्रवारऐवजी रविवारी न्यायचे ठरले असते, तर आज आम्ही ही हकिगत वेगळ्या आवाजात सांगितली असती.

परिचारिका म्हणून त्या वाक्यात आम्हाला काय ऐकू आले ते समजावून सांगतो. शरीराचे तापमान ९५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेले की माणूस धोक्यात येतो. तरुण माणूस थंडीत कापतो, हातपाय चोळतो, ओरडतो. म्हातारपणी कापण्याची शक्तीच कमी होते. बोलणे जड होते, विसरायला होते, झोप येते. पाहणाऱ्याला वाटते, वयच झाले आहे. म्हणून थंड घरात शांत, गोंधळलेला म्हातारा दिसला तर त्याला वयाचा दोष देऊ नका. प्रथम मदत बोलवा. ओले कपडे काढा, कोरडे घाला, डोके झाका, छातीपोटाला ब्लँकेटची ऊब द्या. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड चहा द्या. हातपाय जोराने चोळू नका आणि ब्रँडीचा घोट तर मुळीच देऊ नका. दारूने अंग गरम झाल्यासारखे वाटते, पण आतली ऊब बाहेर निघून जाते.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला समजत नाही. तो म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वायू. आपण शेगडीच्या देशातली माणसे. थंडी वाजली की कोळसे पेटवून खोलीत ठेवावेत असे आपल्या मनात सहज येते. येथल्या बंद घरांत ते प्राणघातक आहे. बार्बेक्यूची शेगडी, कॅम्पचा स्टोव्ह, पेट्रोलवरचे जनरेटर यांपैकी काहीही घरात, तळघरात किंवा गॅरेजमध्ये चालवू नका, गॅरेजचे दार उघडे असले तरी नाही. जनरेटर घरापासून निदान २० फूट दूर आणि दारेखिडक्यांपासून लांब असावे. घरातल्या सगळ्यांचेच एकदम डोके दुखू लागले, मळमळले, झोप येऊ लागली आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर तो फ्लू समजू नका. बाहेरच थांबून मदत मागा. या वायूची सूचना देणारे बॅटरीवरचे यंत्र थोड्या पैशांत मिळते. नातवंडांनी वाढदिवसाला काय द्यावे असे विचारले तर हे मागा.

तिसरी गोष्ट ऑक्सिजनची. घरी ऑक्सिजन देणारे यंत्र विजेवर चालते. ज्यांच्या घरी ते असेल त्यांनी वीज असतानाच पुरवठादाराकडून जादा सिलिंडर मागून ठेवावा आणि तो किती तास पुरतो ते कागदावर लिहून भिंतीला लावावे. डॉक्टरांच्या दाखल्यावर वीज कंपनीकडे आपल्या घराची नोंद करता येते. ती जरूर करावी, पण तेवढ्यावर विसंबू नये, कारण तार तुटली की नोंद असलेल्या घरीही अंधारच होतो. आणि आपल्या घरांसाठी एक खास सूचना. शब्बाथचे दिवे आणि ऑक्सिजन एका खोलीत कधीही नकोत. आजारी माणसासाठी विजेचे छोटे दिवे लावण्यास आपल्या रब्बींना विचारून घ्यावे. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडण्याची आपल्या धर्माने आज्ञाच दिली आहे, तेव्हा वादळात शनिवारी फोन उचलायला कोणी कचरू नये.

चौथी गोष्ट इन्सुलिन. आपल्या समाजात मधुमेह घरोघरी आहे. वीज गेली की काही मंडळी बाटल्या बाहेर बर्फात नेऊन ठेवतात. एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते, वितळल्यावरसुद्धा ते वापरायचे नसते. त्याउलट ८६ अंश फॅरनहाइटपर्यंतच्या साध्या खोलीत बहुतेक प्रकारचे इन्सुलिन सुमारे २८ दिवस टिकते. आपल्या औषधाची नेमकी मुदत त्याच्या कागदावर दिलेली असते. फ्रिज उघडला नाही तर आतले अन्न चार तास चांगले राहते आणि भरलेला फ्रीझर ४८ तास. त्यानंतर मासळी, दूध, मटण टाकून द्यावे. जिवाला लागते खरे, पण जुलाबाने म्हातारे माणूस दोन दिवसांत खचते.

औषधांचा आठवडाभराचा साठा, माणशी दिवसाला एक गॅलन पाणी असे तीन दिवसांचे पाणी, टॉर्च, बॅटरीवरचा रेडिओ, चष्म्याची दुसरी जोडी, कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या आणि औषधांची यादी एका पिशवीत असावी. खाण्यासाठी आम्ही एक सोपी युक्ती सांगतो. मलिद्याचे सामान आठवा. पातळ पोहे, सुके खोबरे, साखर, खजूर, बदाम. चूल लागत नाही, फ्रिज लागत नाही, पोहे भिजवायला वाटीभर पाणी पुरते. मधुमेहींनी साखरेऐवजी शेंगदाणे आणि फुटाणे ठेवावेत. आपल्या बायकांनी संकटकाळच्या अन्नाचा हा डबा फार पूर्वीच शोधून ठेवलेला आहे.

थंडीविषयी इतके बोललो, पण उन्हात माणसे जास्त गुपचूप मरतात. शेजारच्या शिकागो शहरात जुलै १९९५ मध्ये उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत एकटे राहणारे वृद्ध फार होते. चोरांच्या भीतीने त्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी त्याचा अभ्यास करून २००२ मध्ये पुस्तक लिहिले. त्यात शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांची तुलना आहे. एकीत रस्ते ओस, दुकाने बंद, शेजाऱ्याची शेजाऱ्याला खबर नाही. तेथे मृत्यू फार झाले. दुसरीत रस्त्यावर वर्दळ, कोपऱ्यावर दुकाने, म्हातारी माणसे भाजी आणायला बाहेर पडणारी. तेथे फार थोडे. ऊन दोन्हीकडे सारखेच होते.

आपल्या मॅगेन अब्राहम सिनेगॉगच्या अहमदाबादेतही मे २०१० मध्ये पारा ४६ अंश सेल्सियसच्या वर गेला, आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर २०१३ मध्ये तेथील महापालिकेने उष्णतेचा कृती आराखडा केला. लाट येण्याआधी लोकांना सूचना, दवाखान्यांतील कर्मचाऱ्यांना शिक्षण, पाणपोया, सावलीच्या जागा अशी साधी कामे त्यात होती. पुढे देशातल्या अनेक शहरांनी तोच मार्ग धरला. इस्रायलमध्ये बीरशेबा, दिमोना या बाजूला राहणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की वय झाल्यावर तहान लागत नाही. तहानेची वाट न पाहता घड्याळ पाहून पाणी प्यावे. हृदयाची किंवा लघवी वाढवणारी औषधे चालू असतील तर किती पाणी प्यायचे ते उन्हाळ्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

सूचना वेळेवर मिळाली आणि लोकांनी ती मानली तर काय होते, याचे उदाहरण आपल्या उंबरठ्यावर आहे. १५ मार्च २०१२ रोजी संध्याकाळी येथून जवळच्या डेक्स्टर गावावर मोठे चक्रीवादळ आले. शंभराहून अधिक घरांचे नुकसान झाले, काही घरे जमीनदोस्त झाली. एकही माणूस दगावले नाही. भोंगे वाजले होते आणि लोक तळघरात गेले होते. येथे हवा तापू लागली की अधूनमधून ते भोंगे चाचणीसाठी वाजतात. आपण जेवण करून आडवे झालेले असतो आणि त्रासतो. त्रासू नका. त्या वेळी उठून घरातल्यांना एकदा विचारा, भोंगा खरा असता तर आपण कोठे गेलो असतो, आणि आजीला जिना कोणी उतरवला असता?

आता वादळानंतरचे. परिचारिकेला ठाऊक असते, की शस्त्रक्रिया एका तासात होते आणि जखम भरायला महिने लागतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर ऑगस्टमध्ये लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या छोट्याशा जखमेतून तो शिरतो. घर साफ करताना गमबूट आणि हातमोजे वापरावेत, पाणी उकळून प्यावे, आणि चिखलात काम केल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आपल्यापैकी जे पावसाळ्यात गावी जातात त्यांनी हे विसरू नये. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. महाड शहर त्याच दिवसांत पुराच्या पाण्यात होते. रायगड आता पूर्वीचा राहिलेला नाही.

दुसरी गोष्ट मदतीची. आपण परदेशातली माणसे मायेने पैसे पाठवतो, पण बहुतेक सगळे पहिल्या आठवड्यात. निसर्ग वादळानंतर पहिली गरज होती ताडपत्री आणि पत्रे, कारण मिरगाचा पाऊस तोंडावर होता. पण वाडीत आडवी झालेली सुपारी आणि नारळ पुन्हा लावला तर धरायला सहा-सात वर्षे लागतात. सरकारने हेक्टरी ५० हजार रुपयांची मदत जाहीर केली, पण बागाईतदारांचे म्हणणे होते की आमच्या वाड्या गुंठ्यांच्या. झाडे मोजा, जमीन मोजू नका. त्या माणसांना तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी कोणी विचारले? म्हणून आमची सूचना अशी आहे, की जमलेल्या मदतीतला अर्धा भाग पहिल्या महिन्यात द्यावा आणि अर्धा राखून पुढची काही वर्षे थोडा थोडा द्यावा. ज्या शेजाऱ्यांनी आपल्या म्हाताऱ्यांच्या घरात डोकावून पाहिले त्यांच्या छपरासाठीही द्यावा. हे दान मानू नये. नौगावच्या किनाऱ्यावर आपण जे घेतले त्याची ही परतफेड आहे.

तिसरी गोष्ट मनाची. वादळ पाहिलेले म्हातारे माणूस पुढे वारा सुटला की जागे राहते, जेवत नाही, दाराशी बसते. त्याला “आता काय झाले, संपले ना सगळे” असे म्हणू नये. महिन्याने विचारावे, तीन महिन्यांनी विचारावे, पुढच्या वर्षी त्याच तारखेला विचारावे.

ॲन आर्बर शहरही आपल्या परीने काम करीत आहे. ब्रायंटसारख्या वस्त्यांत संकटकाळी आधार देणारी केंद्रे उभारण्याचे काम चालू आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी सौरऊर्जा व बॅटरीवर भर देणारी शहराची स्वतःची पूरक वीजव्यवस्था मंजूर केली. मदत कोठे मिळेल हे विचारण्यासाठी २११ हा नंबर आहे. पण शहराला आपल्या काकांचे नाव ठाऊक नसते. ते आपल्याला ठाऊक असते.

म्हणून या वर्धापनदिनाच्या निमित्ताने आम्ही एक विनंती करतो. त्या बर्फाच्या वादळानंतर आम्ही येथल्या मोजक्या कुटुंबांनी एक वही केली. तीत प्रत्येक एकट्या माणसाचे नाव, पत्ता, औषधे, डॉक्टर, मुलांचे फोन, किल्ली कोणाकडे आहे आणि घरात जिने किती, एवढेच लिहिले. प्रत्येक नावापुढे दोन माणसे नेमली. एक फोन करणारे, दुसरे चालत किंवा गाडीने दारापर्यंत जाणारे. फोन लागला नाही तर दुसऱ्याने त्याच दिवशी जायचे, असा नियम. ही वही कागदाचीच आहे, कारण अंधारात संगणक उघडत नाही. रोश हशानापूर्वी ती तपासून दुरुस्त करतो. जेथे जेथे आपली माणसे आहेत, अश्दोदला, लोडला, लंडनला, ठाण्याला, तेथे अशी एक वही व्हावी. मदतीचे नंबर तिच्या पहिल्या पानावर लिहावेत. भारतात ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८, इस्रायलमध्ये मागेन दाविद अदोमचा १०१.

गावच्या सिनेगॉगच्या विश्वस्तांनाही आमचे सांगणे आहे. सेफर तोरा पुराच्या पाण्याहून उंच राहतील अशी व्यवस्था असावी. लग्नाच्या नोंदवह्या, जन्ममृत्यूच्या नोंदी, कब्रस्तानचा नकाशा यांची छायाचित्रे काढून एक प्रत मुंबईत आणि एक परदेशात ठेवावी. आणि सिनेगॉगची देखभाल करणाऱ्या माणसाचे नाव त्या वहीत सर्वांत आधी लिहावे. आपण इमारतीच्या रंगासाठी वर्गणी देतो, पण पावसाळ्याच्या रात्री त्या इमारतीत एकटे कोण झोपते, याची चौकशी किती जण करतात?

संकटातून वाचलेल्या माणसाने परमेश्वराचे आभार मानण्यासाठी बिर्कत हागोमेल म्हणायची आपली रीत आहे. समुद्र ओलांडून आलेल्याने, आजारातून उठलेल्याने ती म्हणावी. पण ती एकट्याने म्हणता येत नाही, समोर दहा माणसे लागतात. आमच्या काकांनी बरे झाल्यावर ती म्हटली तेव्हा दहावा माणूस मिळवण्यासाठी आम्हाला बरेच फोन करावे लागले. ते फोन करताना जी नावे हाताशी आली, त्यांतूनच ती वही सुरू झाली.

आज घरी गेल्यावर आपल्या ओळखीच्या एकट्या माणसाला एक फोन करा, आणि किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. येत्या शेमिनी अत्झेरेतला आपण पावसासाठी प्रार्थना करू, तेव्हा तो पाऊस सर्वांना सुखाचा व्हावा, नौगावच्या वाड्यांना आणि ॲन आर्बरच्या झाडांनाही, एवढेच मागू.